परीक्षेचा जोडा

गल्लीत त्यांना पायपंडित म्हणत. नाव प्रथम कोणीतरी टवाळीने ठेवले असणार. पण टवाळी पुरेशी वर्षे टिकली की तिची पदवी होते, आणि पदवी एकदा मिळाली की ती धारण करणाऱ्याला पुढे काही शिकण्याची गरज उरत नाही. पायपंडित मापाचे बूट शिवत. समोरून येणाऱ्या माणसाच्या टाचेची झीज पाहून ते त्याचा स्वभाव सांगत, घरात त्याचे चालते की बायकोचे तेही सांगत, आणि अंदाज चुकला तर दोष टाचेला देत.

दुकानाची मागची भिंत छतापर्यंत लाकडी पावलांनी भरलेली होती. प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाच्या पायाचा तो साचा. वय वाढून पाय बदलला, कुठे घट्टा आला, कुठे हाड वर उठले, की पायपंडित साच्यावर नेमक्या त्या जागी चामड्याची चकती चिकटवत आणि पुढचा जोडा त्या उंचवट्यावरून ओढून बसवत. अशा रीतीने अर्ध्या शहराचे म्हातारपण त्या भिंतीवर चकतीचकतीने साठले होते. भिंतीपुढे जाळीचे दार होते, दाराला कुलूप होते आणि किल्ली पायपंडितांच्या कमरेला.

लेक याच दुकानात लहानाची मोठी झाली. वरचे चामडे कापणे, मेणाच्या दोऱ्याने टाके घालणे, तळ बसवणे हे सारे ती करी; गिऱ्हाईक ज्या टाक्यांची तारीफ करून पायपंडितांना हात जोडी, ते टाके बहुधा तिचे असत. साच्याला मात्र तिने हात लावायचा नाही.

"साचा म्हणजे माणसाचं गुपित," पायपंडित म्हणत. "ते पोरासोरांच्या हाती देत नसतात."

पोर चाळिशीला टेकली होती.

घराची एक रीत होती. ज्याला किल्ली हवी त्याने मालकासाठी एक जोडा शिवायचा. मालकाने तो हिवाळाभर घालायचा. चावला नाही तर किल्ली शिवणाऱ्याची. चावला तर मालक देईल त्याची. न्यायाधीश, फिर्यादी आणि साक्षीदार एकाच माणसाने व्हावे, आणि पुरावाही त्याच्याच पायात असावा, ही सोय इतर न्यायालयांना अजून साधलेली नाही.

किल्लीवर दुसराही एक जण टपलेला होता. पायपंडितांचा पुतण्या दुकानाच्या दर्शनी भागात तयार बूट विकत असे. त्याची जीभ पॉलिशच्या ब्रशासारखी होती: मऊ, आणि ज्याच्यावरून फिरेल त्याला चमकवणारी.

"काका, तुमच्या हाताला तोड नाही," तो म्हणे. "पण तुमच्यानंतर ही लाकडं कोण बघणार? इथे आरसे लावले तर दुकान दुप्पट दिसेल. लाकडं जळणाला चांगली आहेत."

"आणि तू?" लेक विचारी. "तू कशाला चांगला आहेस?"

"ताई, मी तुझ्या टाक्यांचा भक्त आहे. पायातली वहाण पायीच बरी, एवढंच माझं म्हणणं."

त्या वर्षी लेकीने साच्यावाचून, नुसत्या मापावर, परीक्षेचा जोडा शिवला. गडद तपकिरी, पातळ तळाचा, आत दुमडलेला एकही टाका बोटाला लागू नये असा. पायपंडितांनी तो एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मेजवानीला प्रथम घातला. यजमानाने मटणाचे ताट पुन्हापुन्हा भरले, पेला रिकामा राहू दिला नाही, आणि पायपंडितांनी आदरातिथ्याचा अपमान केला नाही. परतल्यावर ते लेकीला म्हणाले, "बरा आहे." त्यांच्या तोंडून निघालेली ही आजवरची सर्वांत मोठी प्रशस्ती होती, आणि ती जेमतेम पहाटेपर्यंत टिकली.

सकाळी घरात आरडाओरडा झाला. लेक धावली तेव्हा पायपंडित पलंगावर उजवा पाय हवेत धरून बसले होते. अंगठ्याच्या मुळाशी सांधा सुजून टोमॅटोसारखा लाल आणि तकतकीत झाला होता.

"अहो, निदान चादर तरी ओढून घ्या," आई म्हणाली.

"चादर नको! चादरीचा धागाही नको! आणि तू जवळून जाऊ नकोस, वारा लागतो." मग त्यांची नजर लेकीवर गेली. "चावला."

"काय चावलं?"

"काय म्हणजे? जोडा. तुझा जोडा."

तळपायाची आग मस्तकात जाते असे म्हणतात. इथे अंगठ्याची आग लेकीच्या मस्तकात गेली. तरी तिने आवाज खाली ठेवला. "बाबा, जोडा चावला की कातडं सोलतं, फोड येतो. इथे कातडं शाबूत आहे. आतून तापलंय."

"खोलवर चावलाय."

जोड्याची उत्तरीय तपासणी पलंगावरच झाली. त्यांनी आतून बोट फिरवले, टाके उजेडाला धरले, तळ वाकवला, वास घेतला. दोष सापडला नाही. त्यावरून पायपंडितांनी असा निष्कर्ष काढला की दोष फार हुशारीने लपवलेला आहे. परलोकाच्या नकाशापासून शेजारणीच्या चारित्र्यापर्यंत पुष्कळ गोष्टी जगात याच पद्धतीने सिद्ध झालेल्या आहेत.

पुतण्याने जोडा ओला केला, आत लाकडी पाचर ठोकून अंगठ्याच्या जागी ताणला आणि उन्हात ठेवला. आठवड्याभरात सूज आपोआप उतरली, कातडीची सालपटे निघाली, पायपंडित पूर्ववत चालू लागले. सूज उतरायची होती म्हणून उतरली, ही शक्यता कोणाच्या मनात आली नाही. कारण आपोआप होणाऱ्या गोष्टींचे श्रेय घ्यायला माणूस हजर असतो, आणि आपोआपपणा स्वतः कधी दारात येऊन आपले नाव सांगत नाही.

"पोराचा हात हलका आहे," पायपंडित म्हणाले. लेकीने ताणून बेढब झालेला आपला जोडा कपाटाच्या तळाशी ठेवून दिला.

सिद्धान्ताची खरी कसोटी काही महिन्यांनी लागली. त्या दिवशी पायपंडितांच्या पायात त्यांनी स्वतः शिवलेल्या, लोण्यासारख्या मऊ जुन्या सपाता होत्या, आणि तरीही डावा घोटा फुगला. लेकीला वाटले, आता तरी.

"आता कोण चावलं?" तिने विचारले.

"तुझाच जोडा," ते कण्हत म्हणाले. "त्याने माझी चाल बिघडवली. उजव्याचा भार डाव्यावर आला. तुला नाही कळायचं."

पायात असताना चावणारा जोडा आता कपाटातूनही चावू लागला होता. ज्या सिद्धान्ताला जगातली कोणतीही घटना खोटे पाडू शकत नाही, तो सिद्धान्त नसून श्रद्धा असते, आणि श्रद्धेशी वाद घालणाऱ्याला शेवटी उद्धट ठरावे लागते. तिने वाद घातला नाही. ती डॉक्टरीणबाईंना घेऊन आली.

डॉक्टरीणबाई दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक. दिवसभर उभे राहायचे म्हणून बूट इथूनच शिवत. त्यांनी घोटा पाहिला, अंगठ्याची हकिगत ऐकली, रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे मागून घेतली.

"काका, हा गाउट दिसतोय. रक्तात युरिक ॲसिड नावाचं द्रव्य असतं, ते मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचं असतं. पुरेसं टाकलं गेलं नाही की साठतं, आणि सांध्यात त्याचे बारीक स्फटिक होतात. शरीर त्या स्फटिकांवर तुटून पडतं, त्याचीच ही आग. तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी जास्त होण्याची एक आहे, तीही यात भर घालते. ती बदलू."

"म्हणजे खाण्यापिण्याचा रोग," पुतण्या दारातून म्हणाला. "खाई त्याला खवखवे."

पायपंडितांचा चेहरा अंगठ्याच्या रंगाचा झाला. "मी? मी काय खादाड आहे?"

"मटण आणि दारू निमित्त होतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मुळात बहुतेकदा हे रक्तातून आलेलं असतं, घराण्यातून. उपाशी राहणाऱ्यालाही होतं. रक्त तपासू या."

रक्त तपासले. आकडा सामान्य मर्यादेत आला. पायपंडितांनी ती बातमी गल्लीभर लंगडत फिरून सांगितली: रक्त निर्दोष, जोडा दोषी.

"काका, ऐन दुखण्यात हा आकडा उतरलेला दिसू शकतो," डॉक्टरीणबाईंनी समजावले. "पुढे, सूज गेल्यावर पुन्हा तपासू. किंवा आत्ता सांध्यात सुई घालून थोडं पाणी काढते, सूक्ष्मदर्शकाखाली बघू. म्हणजे शंकाच नको."

"वा! रोग असताना दिसत नाही, नसताना दिसतो! अशी साक्ष मी दुकानात चालवली असती तर गिऱ्हाईक अनवाणी गेलं असतं. सुई नको. आयुष्यभर मी सुई दुसऱ्याच्या कातड्यात घातली आहे."

लेकीला हसू आले नाही. कपाटातल्या जोड्याविषयी हाच माणूस नेमकी अशीच साक्ष कित्येक महिने चालवत होता. दरम्यान पुतण्याने आरशांची मापे घ्यायला माणूस बोलावला, आणि बाबांनी त्याला बसा म्हटले. पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी किल्ली पुतण्याच्या हाती द्यायची, हे त्यांनी जेवताना मीठ मागावे तसे सांगून टाकले. लेक ताटावरून उठली नाही. तिने मीठ दिले.

मग दुखणे हातावर आले.

उजव्या हाताच्या मधल्या बोटाचा सांधा सुजला आणि आरी धरता येईना. पायपंडित टेबलाशी बसले होते, समोर अर्धवट तळ, आणि बोट काडीसारखे ताठ. त्यांनी आरी उलटसुलट पाहिली.

"हिची मूठ कोणी बदलली?"

मूठ लेकीने बदलली होती, गेल्या वर्षी.

"मूठ चावली," पायपंडित म्हणाले. पण या वेळी आवाजात पहिल्यासारखा निवाडा नव्हता.

इतका वेळ भिंतीला टेकून शेंगा सोलत असलेल्या आईने सूप खाली ठेवले. "अहो, उद्या डोकं दुखलं की टोपी शिवणाऱ्याला धरून आणा. परवा पोट दुखलं की कमरेचा पट्टा शिवणाऱ्याला. नाचता येईना अंगण वाकडं! सगळं गाव तुम्हाला चावतं, मग मी कशी नाही चावले इतकी वर्षं?"

"तू गप बस."

"बसते की. तुम्हीही बसा, हात धरून. उद्यापासून पोळीचा घास कोण भरवणार ते ठरवा."

हाताची गोष्ट वेगळी होती. पायावर पायपंडितांची विद्या चाले. हातावर त्यांचे पोट आणि पदवी दोन्ही. त्याच आठवड्यात गुडघाही भरला, आणि त्यांनी डॉक्टरीणबाईंना सुई घालू दिली. गढूळ, पिवळसर पाणी निघाले. डॉक्टरीणबाईंनी ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांनाच बोलावले. पायपंडित बराच वेळ वाकून पाहत राहिले. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर चकाकणारे असंख्य टोकदार स्फटिक, एकमेकांवर आडवेतिडवे पडलेले.

"हे माझ्यात आहे?" ते म्हणाले.

"हो. आणि वेळीच हटवलं नाही तर हाड कुरतडतं. कातडीखाली गाठी होतात, खडूच्या भुकटीसारख्या. तुमच्या अंगठ्याशी एक आहेच. रोज एक गोळी घ्यावी लागेल, बहुधा कायमची. सुरुवातीला स्फटिक विरघळताना दुखणं उलट उसळू शकतं. म्हणून सोबत दुसरी छोटी गोळी देते. तरी उसळलं तर घाबरून पहिली बंद करायची नाही. एवढं वचन द्या."

पायपंडितांनी वचन दिले. महिन्याच्या आत उजवा अंगठा पुन्हा पेटला, आणि वचन त्यात जळून गेले.

"गोळी चावली, काका," पुतण्या म्हणाला. "मी तरी आधीपासून सांगत होतो."

"फेकून दे," पायपंडित लेकीला म्हणाले. गोळ्यांचे पाकीट त्यांनी टेबलावरून तिच्याकडे सरकवले. "आणि याला किल्ली दे. माझ्याने कमरेची सोडवत नाही, बोट वळत नाही."

लेकीने त्यांच्या कमरेची किल्ली सोडवली. पुतण्याने हात पुढे केला. ती त्याच्या बाजूने निघून गेली, जाळीचे दार उघडले आणि जन्मात पहिल्यांदा त्या भिंतीपाशी उभी राहिली. तळाशी कोरलेली नावे वाचत तिने दोन साचे काढले आणि बापापुढे टेबलावर ठेवले.

"हा तुमचा. अंगठ्याच्या मुळाशी ही चकती कुणी चढवली?"

"मी."

"कधी? जुनी आहे, काळी पडली आहे. माझा जोडा तेव्हा कुठे होता?"

"त्या साली चामडं वाईट आलं होतं," ते पुटपुटले.

"आणि हा आजोबांचा."

आजोबांचे लाकडी पाऊल आता पाऊल वाटतच नव्हते. अंगठ्यावर चकतीवर चकती, घोट्याखाली फुगवटा, टाचेमागे आणखी एक. जणू एखाद्या झाडाला गाठी आल्या होत्या. दोन्ही साचे शेजारी ठेवल्यावर अंगठ्याच्या चकत्या एकाच जागी होत्या.

"आजोबांना कुणाचा जोडा चावला?" लेकीने विचारले.

पुतण्याने उगाच घसा साफ केला. मग पायपंडित म्हणाले, "माझा."

"काय?"

"परीक्षेचा. मी शिवला होता. त्यानंतर त्यांचा पाय गेला तो गेलाच. शेवटपर्यंत म्हणायचे, पोराने मला लंगडा केला. किल्ली दिली नाही. मेल्यावर कमरेची काढून घेतली मी." त्यांनी आजोबांच्या साच्याकडे पाहिले नाही. "खरंच होतं ते. तळ जाड झाला होता थोडा."

या घरात पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या कसबाने पायाची हकिगत लाकडावर नोंदवली गेली होती, आणि पायाला एकदाही विचारले गेले नव्हते. लेकीच्या मनात जो संताप इतकी वर्षे थंड पडून टोकदार झाला होता, तो एकदा बाहेर काढावा असे तिला वाटले. पण समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर आयुष्यात पहिल्यांदा तिला पायपंडित दिसेना. नुसता कुणाचा तरी मुलगा दिसत होता.

"तुम्ही नाही केलंत त्यांना लंगडं," ती म्हणाली. "त्यांना हेच होतं. रक्तात होतं, तेच तुमच्याकडे आलं. तळ जाड असो, पातळ असो."

पायपंडितांनी हळूच मान वर केली. बापाच्या यातनांचा विचार त्या डोळ्यांत नव्हता, असे म्हणणे कठोर होईल. पण तो पहिल्या रांगेत नव्हता हे नक्की.

"म्हणजे," ते म्हणाले, "माझा जोडा बरोबर होता?"

"बरोबर होता."

"तळ जाड नव्हता?"

"नव्हता, बाबा."

लेकीचा जोडाही मग बरोबर असणार, हे अनुमान एवढ्याशा अंतरावर होते. पण सुजल्या पायाने तितकेही अंतर चालवत नाही. अखेर त्यांनी टेबलावरून पाकीट परत आपल्याकडे ओढले.

"पाणी आण."

ज्ञानाने माणसे बदलतात असे शाळांतून शिकवले जाते. पायपंडित निर्दोष सुटण्याच्या आशेने बदलले, आणि औषधाला त्याने काही फरक पडला नाही.

किल्लीचा निवाडा कधी झालाच नाही. मधले बोट पुरते वळेना, डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तिथले हाड झिजले आहे ते परत येणार नाही. त्यामुळे कुलूप लेकीनेच उघडायचे, अशी तात्पुरती व्यवस्था ठरली आणि त्या व्यवस्थेला कोणी पुन्हा हात लावला नाही. पुतण्याने आरसे दर्शनी भागात लावले. हल्ले विरळ झाले, मग थांबले. पुढे केव्हातरी लेकीने बापाचा पाय मोजला तेव्हा अंगठ्याची गाठ बरीच बसली होती. तिने साचा काढला, रापीचे पाते चकतीखाली घातले आणि ती उचकटली. त्या भिंतीवर आजवर चकत्या फक्त चढल्या होत्या. खालचे लाकूड कोवळ्या रंगाचे होते. मग त्या साच्यावर तिने पुन्हा जोडा शिवला, तसाच तपकिरी.

हिवाळा सरला, जोडा चावला नाही, आणि पायपंडितांना नवा सिद्धान्त सापडला. म्हणजे जुनाच, उलटा करून घातलेला.

"डॉक्टर थकले," ते गिऱ्हाइकांना सांगत. "सुया झाल्या, गोळ्या झाल्या. शेवटी लेकीने जोडा शिवला आणि पाय सुधारला. पायाचं औषध पायातच असतं!"

"काकांनी पारखलं ते खोटं ठरत नाही," पुतण्या आता जोड देई. "ताईंचा हातच हलका."

ज्या तर्काने लेक वर्षभर गुन्हेगार होती त्याच तर्काने ती आता धन्वंतरी झाली. दुकानाबाहेर रांग लागू लागली. खोटा आरोप नाकारणे सोपे असते. खोटी कीर्ती नाकारायला पदरचे काही द्यावे लागते, आणि रोज संध्याकाळी दार लावताना लेकीला ते पदरचे काही भरलेल्या गल्ल्यात दिसे.

एका सकाळी एक जाडजूड गृहस्थ लंगडत आत आला. एका पायात बूट, दुसऱ्यात सैल चप्पल. अंगठ्याचा सांधा लालबुंद.

"जुना बूट चावला हो," तो बाकावर बसत म्हणाला. "तुमच्या लेकीचा जोडा घातला की बरं होतं म्हणे."

"योग्य जागी आलात," पायपंडित उजळून म्हणाले. "पोरी, माप घे!"

लेक फीत घेऊन खाली बसली. फीत सांध्याला नुसती टेकली आणि गृहस्थ किंचाळला. तिने फीत गुंडाळली.

"माप आज घेत नाही. सुजल्या पायाचं माप म्हणजे सुजेचं माप. आधी कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे जा. त्यांना सांगा, बूट चावला नाही."

"मग जोडा?"

"तुमचा पाय परत आला की त्याला घेऊन या. मी शिवीन."

गृहस्थ गोंधळून उठला आणि दाराकडे निघाला. पायपंडित ताडकन उभे राहिले. आता त्यांना तसे राहता येत होते.

"गिऱ्हाईक घालवलंस! बाप सगळ्या गावाला सांगतोय जोड्याने बरं होतं, आणि लेक..."

"बाबा," लेक म्हणाली, "आजची गोळी घेतली?"

पायपंडितांनी दाराकडे पाहिले. गृहस्थ अजून पायऱ्या उतरत होता, एकेक, कठड्याला धरून.

"घेतली," ते म्हणाले, पण त्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.